नापास घोडा घ्यावा का? वाचकांचे प्रश्न

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तिच्या आगेमागे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. घोडा मनात भरलाय, सौदा जवळजवळ ठरलाय, पण डॉक्टरांनी तपासून नको म्हटलंय, आता काय करू? यंदाची निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. ही उत्तरं पशुवैद्यक आणि चाबूकस्वार यांनी एकत्र बसून लिहिली आहेत, कारण हा निर्णय एकट्या डॉक्टरचा नसतो आणि एकट्या स्वाराचाही नसतो.

प्रश्न : माझ्या 13 वर्षांच्या मुलीसाठी मारवाडी घोडी पाहिली आहे. वय 9, उंची 60 इंच, स्वभाव अगदी गरीब. डॉक्टरांनी उजवा मागचा पाय दुमडून धरला आणि सोडल्यावर दुडकीवर पळवायला सांगितलं, तेव्हा ती आठ-दहा पावलं लंगडली. एक्स-रेमध्ये हॉकच्या खालच्या सांध्यांत झीज दिसते. डॉक्टर म्हणतात, 'मी पास करणार नाही.' मालकाने किंमत 1,60,000 वरून 1,10,000 वर आणली आहे. अधूनमधून मीही बसेन, माझं वजन 82 किलो. घरच्या लग्नात नाचवायचाही विचार आहे. घ्यावी का? (वाचक, धुळे जिल्हा)

उत्तर : तुमच्या पत्रात एका घोडीसाठी तीन कामं आहेत : मुलीने बसणं, तुम्ही बसणं आणि वरातीत नाचणं. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून आधी डॉक्टरांकडे परत जा आणि 'पास' हा शब्द बाजूला ठेवून तीन गोष्टी लेखी मागा. दोष नेमका कुठे आहे, किती आहे आणि कोणत्या कामासाठी तो अडचणीचा आहे. खरेदीपूर्वीची तपासणी म्हणजे शाळेची परीक्षा नव्हे. ठरावीक कामासाठी हा घोडा किती जोखमीचा आहे, एवढंच ती सांगते. मुलीच्या रपेटीला जो घोडा चालतो तोच उडीच्या शर्यतीला नापास होऊ शकतो.

आता दोष समजून घ्या. हॉक म्हणजे मागच्या पायाचा मधला मोठा सांधा, ज्याला बरेच जण गुडघा म्हणतात. तो एक सांधा नाही, एकावर एक रचलेले चार सांधे आहेत. पायाची सगळी वाकण्याची हालचाल वरच्या मोठ्या सांध्यात होते. खालचे दोन जवळजवळ हलत नाहीत, ते फक्त धक्का सोसतात. झीज बहुतेक वेळा याच खालच्या दोघांत होते आणि बाजारात तिला 'हड्डा' म्हणतात. हे सांधे हळूहळू घासतात, दुखतात आणि काही घोड्यांत शेवटी हाडाने जुळून जातात. जुळले की दुखणं बरंच कमी होतं, कारण त्यांना मुळात हलायचंच नसतं. पण जुळायला किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तोवरचं दुखणं घोडीलाच सोसावं लागतं.

पाय दुमडून धरण्याच्या चाचणीबद्दलही थोडं सांगायला हवं. मागचा पाय साधारण 60 सेकंद उचलून, पूर्ण दुमडून धरतात आणि सोडल्याबरोबर सरळ रेषेत दुडकीने पळवतात. पहिली दोन-तीन पावलं वाकडी पडली तर त्याला फारसा अर्थ नाही, कामावरच्या नऊ-दहा वर्षांच्या निरोगी घोड्यांतही तसं दिसतं. आठ-दहा पावलांपर्यंत लंगड टिकली आणि डाव्या पायात तसं काही दिसलं नाही, तर तो निकाल खरा धरायचा. तुमच्या घोडीत एक्स-रेनेही त्याला दुजोरा दिलाय, त्यामुळे डॉक्टर चुकलेले नाहीत.

आता निर्णयाकडे येऊ. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही : गेले दोन-तीन महिने ही घोडी रोज काय काम करत होती? दावणीला उभी असलेली घोडी लंगडली नाही यात नवल नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर चालून, दुडकून ती सरळ राहिली असेल तर तिच्या झिजेची तिला सवय झालेली आहे. आराम करून आणलेली असेल तर काम सुरू झाल्यावर पाय काय बोलेल ते आज कळणारच नाही. मालकाला थेट विचारा, आणि त्याच्या मोतद्दारालाही वेगळं विचारा.

दुसरी तपासणी दोन-तीन आठवड्यांनी, मालकाला दिवस न सांगता ठरवा. त्या वेळी रक्ताचा नमुना घेऊन वेदनाशामकासाठी तपासायला द्या, किंवा निदान बर्फात जपून ठेवायला सांगा. फिनाइलब्युटाझोनची पुडी तोबऱ्यात टाकली की मध्यम लंगड दोन-तीन दिवस गायब होते. स्वभावाचंही तसंच. नको इतकी शांत घोडी, अर्धे मिटलेले डोळे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून वर सरकलेला तिसरा पडदा, लोंबता खालचा ओठ असं काही दिसलं तर गुंगीच्या औषधाची शंका घ्यायलाच हवी. नरात लिंग लोंबत राहतं आणि आत जात नाही, ही आणखी एक खूण.

घोडी चालवून बघायची ती यात्रेतल्या मऊ, धुळीच्या जागेत नव्हे. तीस मीटरचा डांबरी किंवा मुरमाचा सरळ पट्टा शोधा, मोतद्दाराला दोरी सैल धरायला सांगा आणि तुम्ही घोडीच्या मागे उभे राहा. दोन्ही नितंबांच्या हाडांवर खडूची एकेक खूण करा. दुखऱ्या बाजूची खूण दुसरीपेक्षा जास्त वरखाली होते. पुढचा पाय दुखत असेल तर डोक्याकडे बघा. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. दोरी आखडून धरली की नेमकी हीच खूण झाकते, म्हणून ती सैल हवी.

वजनाचा हिशेब टाळू नका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 170 आणि लांबी 155 असेल तर वजन सुमारे 377 किलो येतं. निरोगी घोड्याच्या पाठीवर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा असा ठोकताळा आहे. म्हणजे इथे 75 किलो. हॉक दुखणाऱ्या घोडीसाठी आम्ही 15 टक्क्यांवर थांबू, म्हणजे 56 किलो. मुलगी 42 आणि खोगीर 8 धरलं तर 50 किलो, हे बसतं. तुमचे 82 आणि खोगीर मिळून 90 होतात. ही घोडी निरोगी असती तरी हा भार जास्तच होता.

आणि नाच तर नकोच. वरातीतला घोडा नाचतो तेव्हा पुढचा भाग उचलून सगळा तोल मागच्या पायांवर घेतो. मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा पूर्ण शरीर दोन हॉकवर तोललेलं असतं. तुमच्या घोडीचा जो सांधा दुखतो त्यावरच हे सगळं येणार. शिवाय लग्नाच्या मोसमात हे काम एका संध्याकाळचं राहत नाही, एकदा नाचली की पाहुण्यांकडून बोलावणी येतात.

तेव्हा आमचं मत असं : फक्त मुलीसाठी, चाल आणि दुडकीच्या कामाला, दुसरी तपासणी पार पडली तर घ्यायला हरकत नाही. अट अशी की पाय न दुमडता, सरळ पट्ट्यावर आणि दोन्ही बाजूंच्या गोलात ती औषधाशिवाय एकसारखी चालली पाहिजे, आणि चार कोनांतून काढलेल्या एक्स-रेमध्ये हॉकचा वरचा मोठा सांधा स्वच्छ दिसला पाहिजे. वरच्या सांध्यात झीज असेल, दोन्ही पाय दुखत असतील किंवा साध्या चालीतही लंगड दिसत असेल तर सोडून द्या. पुढे मुलगी उड्या मारायच्या म्हणाली तर त्यासाठी दुसरा घोडा लागेल, हेही तिला आत्ताच सांगा.

किमतीत सुटलेले 50,000 एकदाच सुटतात, खर्च मात्र दरवर्षी येतो. नालबंदी 40 ते 45 दिवसांनी, म्हणजे वर्षाला आठ-नऊ वेळा, आणि या घोडीला ती लांबवून चालणार नाही. पुढचा भाग लांबलेल्या खुराने पाय उशिरा उचलला जातो आणि हॉकवरचा ताण वाढतो. सांध्यात इंजेक्शन द्यावं लागलं तर ते काही महिने टिकतं आणि पुन्हा द्यावं लागतं. दुखणं असो वा नसो, रोज सात-आठ किलो चारा-चंदी लागतेच. तिला पूर्ण आराम मात्र देऊ नका. चोवीस तास दावणीला बांधलेला हॉक आखडतो, रोज थोडं चालणारा मोकळा राहतो. बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवणं या घोडीसाठी सक्तीचं समजा.

एक प्रश्न घरी बसून विचारा. चार-सहा वर्षांनी ती कामाची राहिली नाही, तेव्हा ती तुमच्याच दावणीला राहणार आहे का? तयारी नसेल तर आज घेऊ नका. असा घोडा हातोहात विकला जात जात शेवटी सगळ्यात जड कामाला लागतो.

प्रश्न : आमच्या रायडिंग क्लबला शर्यतीतून निवृत्त झालेला 6 वर्षांचा थरोब्रेड जवळजवळ फुकट मिळतोय. डाव्या पुढच्या पायाचं टेंडन तीन महिन्यांपूर्वी गेलं आहे, म्हणून डॉक्टरांनी नापास केला. आता सूज नाही. एवढ्या स्वस्तात असा घोडा परत मिळेल का? (क्लब व्यवस्थापक, नाशिक)

उत्तर : मिळेल. पुण्याचा पावसाळी हंगाम आणि मुंबईचा हिवाळी हंगाम संपला की असे घोडे दरवर्षी बाहेर पडतात. घाई करण्याचं कारण नाही.

नळीच्या हाडामागे, गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत (खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत) दोरीसारखं जे ताणलेलं लागतं ते टेंडन. भरधाव पळताना त्याचे आतले तंतू तुटतात, तिथे रक्त साकळतं आणि पाय मागून धनुष्यासारखा फुगतो. सूज आणि ऊन आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं, पण तंतू तेवढ्यात जुळत नाहीत. नव्याने भरणारी जागा मूळ टेंडनइतकी लवचिक कधीच होत नाही. ती नीट बसायला 9 ते 12 महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. तीन महिन्यांच्या टेंडनवर मुलं बसवलीत तर ते बहुधा पुन्हा फाटेल, आणि जुनी जखम जिथे संपते त्याच्या वर किंवा खाली फाटेल.

हाताने तपासायची रीत सोपी आहे. पाय उचलून गुडघ्यात वाकवा म्हणजे टेंडन सैल पडेल, मग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत गुडघ्याखालून फेटलॉकपर्यंत सावकाश दाबत या. दुखऱ्या जागी घोडा पाय ओढतो. लगेच दुसरा पाय त्याच पद्धतीने दाबा, कारण काही घोडे कुठेही दाबलं तरी पाय ओढतात. शर्यतीच्या घोड्यात दुसऱ्या पायाचं टेंडनही थोडं दुखावलेलं असू शकतं. पण हाताने वरचं कळतं, आतलं नाही. अल्ट्रासाउंडमध्ये मधोमध काळं भोक दिसतंय की पांढरे तंतू एका दिशेने ओळीत लागलेत, त्यावर सगळं ठरतं. स्कॅन दोन्ही पायांचा करा.

आता फुकट घोड्याचा हिशेब. 460 किलोच्या थरोब्रेडला दिवसाला निदान 9 किलो चारा-चंदी, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वातीन टन. त्यात नालबंदी, लसी, तीन-चार स्कॅन, आणि पुढचे नऊ महिने रोज हाताने चालवायला एक माणूस. सुरुवात रोज 10 मिनिटांच्या चालण्याने होते आणि ती वेळ दर आठवड्याला थोडी थोडी वाढवायची. दुडकी फार नंतर, तीही स्कॅन पाहून. या काळात त्याला मोकळ्या मैदानात सोडता येत नाही, एक उधळण पुरेशी असते. कोंडून ठेवलेला सहा वर्षांचा शर्यतीचा घोडा हाताळणं नवशिक्या मोतद्दाराचं काम नाही.

हे सगळं करायची तयारी आणि माणूस असेल तर घ्या, पण क्लबच्या कामाला तो दीड वर्षाने येईल असं धरून घ्या. नसेल तर असा घोडा शोधा ज्याचं टेंडन वर्षापूर्वी गेलं, जो त्यानंतर सहा महिने स्वाराखाली नियमित काम करतोय आणि ज्याचा आताचा स्कॅन स्वच्छ आहे. तो गाठ दिसते म्हणून नापास होतो, पण क्लबच्या सपाट कामाला वर्षानुवर्षं चालतो. पोलो किंवा लांब पल्ल्याच्या शर्यतीला मात्र तोही नको.

घेताना पासपोर्ट घ्या. थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. मायक्रोचिप वाचून तो क्रमांक पासपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळवा. जखम नेमकी कधीची हे घोड्याच्या शर्यतींच्या तारखांवरून पुष्कळदा उघड होतं : शेवटची शर्यत कधी धावला आणि त्यानंतर नाव यादीतून कधी गेलं ते बघा.

प्रश्न : ग्लँडर्सचा रिपोर्ट यायचाय. विक्रेता म्हणतो, गिऱ्हाईक दुसरं उभं आहे, घोडा आज घेऊन जा, रिपोर्ट मागून पाठवतो. घोडा तब्येतीने चांगला दिसतो, पण डॉक्टर 'रिपोर्टशिवाय नाही' म्हणतात. (वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. या बाबतीत वाटाघाटीला जागाच नाही.

ग्लँडर्स हा जिवाणूंचा रोग घोड्यातून माणसाला होतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. त्याला लस नाही, आणि बाधित घोड्यावर उपचार करत बसायचं नसतं. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली रोग आढळला की कळवणं बंधनकारक आहे, आणि खात्री झालेला घोडा दयामरणाने नाहीसा करावा लागतो. नाकातून चिकट, पिवळसर स्राव, नाकाच्या आत व्रण, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला फुटणाऱ्या गाठी ही उघड लक्षणं. पण काही घोडे महिनोन्महिने काहीच न दाखवता रोग बाळगतात, त्यामुळे 'दिसायला चांगला' याला इथे अर्थ नाही. घोडा तुमच्या दावणीला आल्यावर रिपोर्ट उलटा आला तर प्रश्न त्या एका घोड्याचा राहत नाही. तुमची बाकीची जनावरं आणि त्यांना पाणी पाजणारा माणूस यांचा होतो.

रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवा. घोडावर्गीय जनावरांच्या रोगनिदानाचं देशातलं प्रमुख केंद्र हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नमुना त्याच घोड्याचा आहे याची खात्री करा. घोड्याचा रंग, पायाचे पांढरे पट्टे, भोवरे आणि असल्यास चिप क्रमांक अर्जावर लिहिलेला असावा, आणि नमुना काढताना तुम्ही समोर असावं. इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमियाची तपासणीही त्याच वेळी करून घ्या. त्याचाही इलाज नाही आणि बाधित घोडा जन्मभर रोग पसरवत राहतो.

रक्ताच्या तपासणीत निघणाऱ्या आणखी दोन रोगांचं गणित वेगळं आहे. सर्रा हा रोग चावऱ्या मोठ्या माश्या पसरवतात. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, घोडा खात असूनही सुकत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. रक्ताच्या काचपट्टीत त्याचे परजीवी मुख्यतः ताप असताना सापडतात, म्हणून तापाशिवाय घेतलेल्या 'निगेटिव्ह' काचपट्टीवर विसंबू नका. सर्ऱ्याला औषध आहे, पण बरा करून मग विकणं हे विक्रेत्याचं काम आहे, तुमचं नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या बिलियरी रोगाचा थायलेरिया हा परजीवी आपल्याकडे पुष्कळ घोड्यांच्या रक्तात असतो आणि औषधानंतरही पूर्ण जात नाही. केवळ तेवढ्यासाठी नापास झालेला घोडा, हिमोग्लोबिन चांगलं असेल, ताप नसेल आणि डोळ्यांच्या कडा पिवळट नसतील, तर साध्या कामाला घेता येतो. मात्र लांबचा प्रवास आणि अतिश्रम यांनी रोग उसळतो हे लक्षात ठेवा.

रिपोर्ट चांगले आले तरी नवा घोडा 21 दिवस वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा, खरारा, सगळं वेगळं. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. 99 ते 101 फॅरनहाइट ठीक, 101.5 च्या वर गेला की डॉक्टरांना फोन.

प्रश्न : आठ वर्षांच्या काठेवाडी घोड्याच्या हृदयात 'मर्मर' आहे आणि ठोका चुकतो असं लिहून आलंय. स्वभाव, पाय सगळं उत्तम आहे. (वाचक, सांगली)

उत्तर : ही दोन वेगळी निदानं आहेत, एकत्र घाबरू नका. विश्रांतीत निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. तंदुरुस्त घोड्यात तीन-चार ठोक्यांनंतर एक ठोका गाळला जाणं हे नेहमीचं आहे. दुडकी मारून आणल्यावर तो गाळला जाणं थांबलं तर विषय संपला. श्रमानंतरही ठोके कसेही, ताल नसल्यासारखे पडत असतील तर ईसीजी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा घोड्यावर बसणं स्वारासाठी धोक्याचं आहे, कारण घोडा कोसळला तर खाली माणूस असतो. मर्मर म्हणजे रक्त वाहतानाचा अधिकचा आवाज, तो 6 पैकी किती दर्जाचा आणि ठोक्याच्या कोणत्या भागात ऐकू येतो ते विचारा. 1 किंवा 2 दर्जाचा, हृदय आकुंचन पावतानाचा आवाज बऱ्याच चांगल्या घोड्यांत असतो. 3 च्या पुढे असेल किंवा हृदय सैल पडताना ऐकू येत असेल तर सोनोग्राफी करून मगच ठरवा.

प्रश्न : एका डोळ्यात निळसर-पांढरा ढग आहे. मालक म्हणतो, चाबकाचा फटका लागला होता. (वाचक, जालना)

उत्तर : अंधाऱ्या जागी नेऊन टॉर्च बाजूने मारा. ढग अगदी वरच्या काचेवर, एका जागी, कडा स्पष्ट असलेला दिसला आणि डोळा दुखत नसेल तर फटका खरा असू शकतो. ढग आत असेल, बाहुली लहान किंवा कडेने दातेरी असेल, उजेडात लहान-मोठी होत नसेल, किंवा तो डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित लहान वाटत असेल तर डोळ्याच्या आतल्या सुजेचा वारंवार उसळणारा आजार समजा. तो पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक वेळी थोडी दृष्टी नेतो आणि दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकतो. एका डोळ्याने आंधळा पण दुसरा डोळा निरोगी असलेला घोडा कामाला शिकवता येतो. हा आजार असलेला घोडा आम्ही कोणत्याही किमतीला घेऊ नका म्हणू.

प्रश्न : डॉक्टरांनी घोडा पूर्ण पास केला, पण वडिलांनी नापास केला. डोळ्याखाली भोवरा आहे, तो अशुभ म्हणतात. (वाचक, पंढरपूर)

उत्तर : भोवरा म्हणजे केस वळण्याची जागा. पायाशी, श्वासाशी, स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही. ओळखीसाठी मात्र तो फार मोलाचा आहे, बोटांच्या ठशासारखा. घोड्याच्या पासपोर्टवर भोवरे काढून दाखवतात ते त्यासाठीच. पण वडिलांचं म्हणणं एका बाबतीत ऐका. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असलेल्या घोड्याला बाजारात जास्त भाव येतो, आणि डोळ्याखाली भोवरा असलेल्याचा भाव उतरतो, मग घोडा कितीही चांगला असो. पुढे विकायचा असेल तर तो तोटा तुमच्या वाट्याला येईल, म्हणून घेतानाच तेवढी किंमत कमी करून घ्या. घरात ठेवायचा असेल तर हा घोडा तुम्हाला स्वस्तात मिळतोय. वडिलांना एकदा त्याच्यासोबत तासभर उभं राहू द्या, त्याला चारा घालू द्या. घोड्याची पारख त्यांनाही असणार, फक्त ती भोवऱ्यावर अडली आहे.

प्रश्न : 'लंगडला तर महिन्यात परत घेईन' असं विक्रेता तोंडी सांगतो. तेवढं पुरेसं आहे का? (वाचक, इंदूर)

उत्तर : नाही. 1930 च्या मालविक्री कायद्यात घोडा हा 'माल' आहे आणि त्यात पारख करण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्यावर टाकलेली आहे. डॉक्टरांनी दोष लिहून दिला असताना तो घोडा घेतलात, तर त्या दोषाबद्दल पुढे तक्रार टिकणं कठीण. सौदापावतीवर लिहून घ्या : घोड्याचं वर्णन व चिप क्रमांक, कोणत्या कामासाठी घेतला, विक्रेत्याने कोणते दोष सांगितले, गेल्या 30 दिवसांत कोणती औषधं दिली, आणि किती दिवसांत, कोणत्या कारणाने, कोणाच्या वाहतूक खर्चाने परत करता येईल. पसंतीवर माल देण्याचा व्यवहारही हा कायदा मानतो, तेव्हा शक्य असेल तर 15 दिवस पसंतीवर आणा आणि पैसे नंतर द्या. मुदत संपायच्या आत नकार लेखी कळवा. मुदत उलटून गेली आणि घोडा तुमच्याकडेच राहिला तर सौदा पक्का धरला जातो. विमा काढणार असाल तर तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडा. आधीपासूनचा दोष विम्यात सहसा धरला जात नाही, आणि तो लपवल्याचं निघालं तर बाकीचा दावाही अडतो.